संगणकातील दप्तर : एक पटल की दोन पटले?

कार्यालय लहान असो वा मोठे, त्याच्या कारभाराची खरी कसोटी दप्तरात लागते. हवा तो कागद हव्या त्या वेळी हाती येतो किंवा नाही, आणि हाती आलेला कागद मूळचाच आहे किंवा नाही, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या कार्यालयास निःशंकपणे देता येतात, त्याचे दप्तर सुस्थितीत आहे असे समजावे. पूर्वी हे दप्तर रुमालांत बांधून ठेवलेले असे. पुढे नस्त्या आल्या, नस्त्यांसाठी कपाटे आली. आज ग्रामसभेच्या इतिवृत्तापासून शाळेच्या निकालपत्रकापर्यंत पुष्कळसे दप्तर संगणकात गेले आहे. दप्तराची जागा बदलली, तरी त्याचे धर्म मात्र बदललेले नाहीत. कागद गहाळ होतो तो बहुधा चोरीने नव्हे, तर भलत्याच ठिकाणी ठेवला गेल्यामुळे. आणि संगणकातील फाईलही बहुधा अशाच रीतीने गहाळ होते.

संगणकातील फायली पाहणे, त्यांना नावे देणे, त्यांच्या नकला करणे, त्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलविणे आणि नको असलेल्या पुसून टाकणे, या कामांसाठी जी आज्ञावली वापरली जाते तिला फाईल व्यवस्थापक असे म्हणतात. अशा आज्ञावलीच्या मांडणीचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात पडद्यावर एका वेळी एकाच फोल्डरमधील फायलींची यादी दिसते. ही एकपटली मांडणी होय. दुसऱ्या प्रकारात पडद्याचे सारखे दोन भाग केलेले असतात व प्रत्येक भागात एका स्वतंत्र फोल्डरची यादी दिसते. ही द्विपटली मांडणी होय. वरवर पाहता हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न वाटेल. तथापि ज्यांच्या हाती सार्वजनिक अभिलेख असतात, त्यांच्या दृष्टीने तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. म्हणून या दोन्ही मांडण्यांचे गुणदोष समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन पटलांचा उगम

१९८० नंतरच्या दशकात जे वैयक्तिक संगणक कार्यालयांतून दिसू लागले, त्यांवर चित्रे नव्हती की माऊस नव्हता. काळ्या पडद्यावर अक्षरांच्या २५ ओळी व प्रत्येक ओळीत ८० अक्षरांची जागा, एवढाच तो पसारा. एखाद्या फाईलची नक्कल करावयाची तर आज्ञेचा शब्द, मूळ ठिकाणाचा संपूर्ण पत्ता आणि नव्या ठिकाणाचा संपूर्ण पत्ता, असे सारे कळफलकावरून टंकित करावे लागे. एका अक्षराची चूक झाली तरी आज्ञा नाकारली जाई, किंवा त्याहून वाईट म्हणजे फाईल भलत्याच नावाने भलतीकडे जाई. आज्ञा देणाऱ्याला मूळ ठिकाणही दिसत नसे आणि नवे ठिकाणही दिसत नसे. दोन्ही ध्यानात ठेवून काम करावे लागे.

ही अडचण ओळखून अमेरिकेतील जॉन सोचा यांनी ‘नॉर्टन कमांडर’ नावाची आज्ञावली तयार केली. पीटर नॉर्टन यांच्या संगणक कंपनीने ती १९८६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात ८० अक्षरांच्या पडद्याचे ४०-४० अक्षरांचे दोन भाग पाडलेले होते. डाव्या भागात एका फोल्डरची यादी, उजव्या भागात दुसऱ्याची. टॅब ही कळ दाबली की एका पटलावरून दुसऱ्या पटलावर जाता येई. पडद्याच्या तळाशी दहा कळांची कामे लिहिलेली असत. त्यांपैकी एफ-५ म्हणजे नक्कल, एफ-६ म्हणजे हलविणे, एफ-७ म्हणजे नवा फोल्डर आणि एफ-८ म्हणजे पुसणे, हा संकेत तेव्हापासून जो रूढ झाला तो आजतागायत टिकून आहे.

या मांडणीतील मर्म असे की, काम चालू असलेले पटल हे मूळ ठिकाण आणि समोरचे पटल हे पोहोचविण्याचे ठिकाण, हे गृहीत धरलेले असते. त्यामुळे पत्ता टंकित करण्याचे कारणच उरत नाही. मुनीम जशी जमेची व खर्चाची बाजू एकाच पानावर समोरासमोर लिहितो, तशीच ही रचना. दोन्ही बाजू एकाच दृष्टिक्षेपात येतात आणि चूक असेल तर तिथल्या तिथे डोळ्यांत भरते.

नॉर्टन कमांडरच्या धर्तीवर पुढे अनेक आज्ञावल्या निर्माण झाल्या. स्वित्झर्लंडमधील क्रिस्तियान गिस्लर यांनी १९९३ मध्ये विंडोज प्रणालीसाठी केलेली आज्ञावली २००२ पासून ‘टोटल कमांडर’ या नावाने ओळखली जाते. मेक्सिकोचे मिगेल दे इकासा यांनी १९९४ मध्ये ‘मिडनाइट कमांडर’ ही मुक्त आज्ञावली सुरू केली. लिनक्स प्रणालीवर ती आजही वापरात आहे. रशियातील युजीन रोशाल यांची ‘फार’ ही आज्ञावली १९९६ मधील होय. विंडोज व लिनक्स या दोहोंवर चालणारी ‘डबल कमांडर’ ही आज्ञावली विनामूल्य असून तिची घडण टोटल कमांडरसारखीच आहे. मूळ नॉर्टन कमांडर मागे पडला, परंतु त्याची बैठक मात्र कायम राहिली.

एकपटली मांडणी का रुळली?

एकपटली मांडणीचा प्रवाह वेगळ्या उगमातून आला. १९८४ मध्ये ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकाबरोबर ‘फाइंडर’ हा चित्रमय फाईल व्यवस्थापक लोकांसमोर आला. त्यात फोल्डर म्हणजे एक चित्र. ते उघडले की एक खिडकी. तिच्यातील कागदाचे चित्र माऊसने धरून दुसरीकडे नेऊन सोडले की काम झाले. आज्ञांचे शब्द पाठ करण्याची गरज संपली. १९९५ च्या विंडोजमध्ये ‘एक्सप्लोरर’ आला आणि डाव्या बाजूस फोल्डरांची शाखावार यादी व उजव्या बाजूस निवडलेल्या फोल्डरमधील फायली, ही मांडणी जगभर परिचयाची झाली.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. एक्सप्लोररमध्येही पडद्याचे दोन भाग दिसतात, म्हणून ती द्विपटली मांडणी होय असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ती एकपटलीच आहे. डावा भाग केवळ वाट दाखविणारा फलक असून फायली उजवीकडेच दिसतात. दोन वेगवेगळ्या फोल्डरांतील फायली समोरासमोर पाहावयाच्या असतील तर तेथे दुसरी खिडकी उघडावी लागते. २०२२ मध्ये विंडोज ११ च्या एक्सप्लोररला एका खिडकीत अनेक पाने उघडण्याची सोय मिळाली. परंतु ती पाने एकामागे एक असतात, शेजारीशेजारी नसतात. एक पान पाहताना दुसरे झाकलेलेच राहते.

एकपटली मांडणी लोकप्रिय झाली ती उगाच नव्हे. नवशिक्याला ती समजावून सांगावी लागत नाही. पडद्याची सर्व रुंदी एकाच यादीस मिळाल्याने फाईलचे लांब नाव, दिनांक, प्रकार व आकारमान हे सारे न तुटता दिसते. छायाचित्रे मोठ्या आकारात पाहता येतात. मोबाइल फोनच्या अरुंद पडद्यावर तर तीच सोयीची ठरते. ज्याला फक्त एखादी फाईल शोधून उघडावयाची आहे, त्याला दुसऱ्या पटलाची काहीही आवश्यकता नाही.

एक सोय काढली गेली तेव्हा

या दोन मतांचा संघर्ष कसा होतो, याचे उद्बोधक उदाहरण लिनक्स प्रणालीच्या इतिहासात सापडते. ग्नोम या प्रकल्पाच्या ‘नॉटिलस’ नावाच्या फाईल व्यवस्थापकात २०१० मध्ये एफ-३ ही कळ दाबून खिडकीचे दोन भाग करण्याची सोय देण्यात आली. म्हणजे एरव्ही एक पटल, आणि गरज पडेल तेव्हा दोन. परंतु २०१२ मध्ये निघालेल्या आवृत्तीतून ही सोय काढून टाकण्यात आली. मांडणी साधी व सुटसुटीत करण्याचे धोरण त्यामागे होते.

ज्यांचे रोजचे काम दोन पटलांवर बसले होते, त्यांना हा बदल रुचला नाही. त्याच वर्षी लिनक्स मिंट या प्रणालीच्या कर्त्यांनी नॉटिलसच्या आधीच्या आवृत्तीवरून ‘नेमो’ हा स्वतंत्र फाईल व्यवस्थापक तयार केला आणि त्यात एफ-३ ची सोय राखून ठेवली. केडीई प्रकल्पाच्या ‘डॉल्फिन’मध्ये ती आहेच. ‘थुनार’ या हलक्याफुलक्या फाईल व्यवस्थापकात तर ती २०२२ मध्ये नव्याने घालण्यात आली. यावरून एवढे स्पष्ट होते की, द्विपटली मांडणी ही जुन्या काळाची अवशिष्ट खूण नसून एका विशिष्ट प्रकारच्या कामाची खरीखुरी गरज आहे. ते काम कोणते, हे पाहू गेल्यास प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

नक्कल आणि स्थलांतर : चूक कोठे होते?

फायलींशी निगडित कामांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात शोधणे, पाहणे, वाचणे ही कामे येतात. यांत फाईल जागची हलत नाही, म्हणून धोकाही नसतो. दुसऱ्या वर्गात नक्कल करणे, हलविणे, जुळवून पाहणे व पुसणे ही कामे येतात. अभिलेखांची हानी जी होते ती याच वर्गातील कामांत होते.

माऊसने फाईल ओढून दुसरीकडे सोडली असता नेमके काय घडते, हे पुष्कळ कर्मचाऱ्यांस ठाऊक नसते. विंडोज प्रणालीत एकाच ड्राइव्हवरील एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये फाईल ओढली तर ती हलते, म्हणजे मूळ जागी राहत नाही. तीच फाईल पेन ड्राइव्हवर किंवा अन्य ड्राइव्हवर ओढली तर तिची नक्कल होते व मूळ फाईल जागच्या जागी राहते. हाताची क्रिया एकच, परिणाम मात्र दोन. ओढताना कंट्रोल ही कळ दाबून धरली तर सर्वत्र नक्कलच होते आणि शिफ्ट दाबून धरली तर सर्वत्र स्थलांतरच होते, हा नियम प्रत्येक कार्यालयात संगणकाशेजारी लिहून लावण्यासारखा आहे.

दुसरी चूक सोडण्याच्या जागेची. शाखावार यादीत फोल्डरांची नावे एकाखाली एक दाटीने लिहिलेली असतात. बोट किंचित सैल झाले की ‘घरपट्टी’ या फोल्डरमध्ये जावयाची फाईल शेजारच्या ‘ग्रामसभा’ या फोल्डरमध्ये पडते. कित्येकदा तर संपूर्ण फोल्डरच दुसऱ्या फोल्डरच्या पोटात जाऊन बसतो. काही पुसले गेलेले नसते, तरी दुसऱ्या दिवशी तो अभिलेख सापडत नाही. आणि नागरिकाला परत पाठविण्याची पाळी येते. चूक तात्काळ लक्षात आल्यास कंट्रोल व झेड या कळा एकत्र दाबून ती मागे घेता येते. परंतु लक्षात येण्यासाठी फाईल जेथे पडली ती जागा डोळ्यांसमोर असावयास हवी, आणि एकपटली मांडणीत नेमकी तीच दिसत नाही.

तिसरा धोका समान नावांचा. नव्या ठिकाणी त्याच नावाची फाईल आधीपासून असेल, तर संगणक ‘जुनीच्या जागी नवी ठेवावयाची काय’ असे विचारतो. घाईत होकार दिला गेला तर जुनी फाईल परत मिळेलच असा भरवसा नसतो. चौथा धोका पुसण्याचा. संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवरील फाईल पुसली तर ती प्रथम कचरापेटीत जाते व तेथून परत आणता येते. परंतु विंडोज प्रणालीत पेन ड्राइव्हवरील फाईल पुसली असता ती कचरापेटीत जात नाही. थेट नष्ट होते.

दोन पटलांवरील कामाची रीत

एका उदाहरणाने ही रीत स्पष्ट होईल. समजा, एका ग्रामपंचायतीत जुन्या नोंदवहीची पाने स्कॅन करण्यात आली आहेत. २१२ पानांच्या २१२ प्रतिमा पेन ड्राइव्हवर आहेत आणि त्या कार्यालयाच्या संगणकात सुरक्षित ठेवावयाच्या आहेत. डबल कमांडर किंवा टोटल कमांडर या आज्ञावलीत हे काम पुढीलप्रमाणे करावे.

डाव्या पटलात पेन ड्राइव्हवरील फोल्डर उघडावा. उजव्या पटलात संगणकातील योग्य जागा उघडून तेथे एफ-७ दाबून नवा फोल्डर करावा व त्यास अर्थपूर्ण नाव द्यावे. मग त्या फोल्डरमध्ये शिरावे, म्हणजे उजवे पटल रिकामे दिसेल. आता टॅब दाबून डाव्या पटलावर यावे. कंट्रोल व ए या कळांनी सर्व प्रतिमा निवडाव्यात. पटलाच्या तळाशी निवडलेल्या फायलींची संख्या व त्यांचे एकूण आकारमान दिसते. तेथे २१२ हा आकडा आहे याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर एफ-५ दाबावे. किती फायलींची नक्कल कोणत्या ठिकाणी होणार, हे सांगणारी चौकट पडद्यावर येते. ती वाचून मगच संमती द्यावी.

नक्कल पूर्ण झाल्यावर दोन्ही पटलांच्या तळाशी पाहावे. डावीकडे २१२ आणि उजवीकडेही २१२ असले, दोन्हींचे एकूण आकारमान सारखे असले, तर पोच मिळाली असे समजावे. आवक-जावक नोंदवहीत ज्याप्रमाणे जावक क्रमांकासमोर पोच नोंदविली जाते, त्याचेच हे संगणकातील रूप होय. उजवीकडील दोन-चार प्रतिमा उघडून त्या नीट दिसतात हेही पाहावे. अखेरीस पेन ड्राइव्ह ओढून न काढता तो सुरक्षितपणे वेगळा करण्याची आज्ञा देऊनच काढावा.

या कामासाठी एफ-६ म्हणजे हलविण्याची आज्ञा वापरू नये. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर फाईल हलविताना संगणक आधी नक्कल करतो व मग मूळ फाईल पुसतो. मध्येच वीज गेली किंवा पेन ड्राइव्ह निखळला तर काही फायली इकडे व काही तिकडे अशी विभागणी होऊन बसते. आधी नक्कल, मग पडताळणी, आणि खात्री पटल्यावर, तीही गरज असेल तरच, मूळ फायली पुसणे, हा क्रम कधीही मोडू नये.

तुलना व पडताळणी

दोन पटलांचा सर्वांत मोठा उपयोग तुलनेत आहे. प्रत्येक कार्यालयाने आपल्या दप्तराची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी, हा नियम सर्वांस माहीत आहे. परंतु ती प्रत पूर्ण आहे काय, हे तपासले जातेच असे नाही. द्विपटली आज्ञावलीत दोन फोल्डरांची तुलना करण्याची आज्ञा असते. एका बाजूस आहे व दुसऱ्या बाजूस नाही अशी, किंवा दोन्हींकडे असूनही दिनांक वा आकारमान भिन्न असलेली फाईल, ती आज्ञावली स्वतःच खूण करून दाखविते. टोटल कमांडर व डबल कमांडर यांत दोन फोल्डर एकसारखे करून देणारी सोयही आहे. तीत प्रत्येक फाईलपुढे बाणाने दिशा दाखविलेली असते. संमती देण्यापूर्वी ती यादी सावकाश पाहता येते.

येथे एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवावी. पुष्कळ पेन ड्राइव्ह ज्या जुन्या पद्धतीने फायली ठेवतात, तीत फाईल बदलल्याची वेळ दोन सेकंदांच्या पटीतच नोंदविली जाते. त्यामुळे तीच फाईल असूनही वेळेत किंचित फरक दिसू शकतो. म्हणून केवळ वेळेवर विसंबून न राहता आकारमान पाहावे आणि महत्त्वाच्या अभिलेखांच्या बाबतीत फायलींचा आशय जुळवून पाहण्याचा पर्याय निवडावा. त्यास वेळ अधिक लागतो, परंतु निकाल निश्चित मिळतो.

दोन पटलांतील धोके

द्विपटली मांडणी सर्वथा निर्दोष आहे असे मात्र नव्हे. तिचा मुख्य दोष तिच्या गुणातूनच उद्भवतो. दोन पटले दिसायला सारखीच असल्यामुळे कोणते चालू आहे याचा विसर पडू शकतो. नजर उजवीकडे असावी, चालू पटल डावे असावे आणि हात एफ-८ वर जावा, की नको ती फाईल पुसली जाते. म्हणून आज्ञा देण्यापूर्वी उजळलेली ओळ कोणत्या पटलात आहे ते पाहावे व पुसण्याची आज्ञा देताना येणारी चौकट वाचल्याखेरीज मान्य करू नये. दोन फोल्डर एकसारखे करतानाही दिशेची चूक झाली तर जुनी प्रत नव्या प्रतीवर चढते. मूळ प्रत सदैव डावीकडे व राखीव प्रत सदैव उजवीकडे, असा एकच दंडक कार्यालयात ठरवून टाकल्यास ही चूक टळते.

दुसरी अडचण जागेची. १९२० बिंदू रुंदीच्या पडद्यावर प्रत्येक पटलास ९६० बिंदू मिळतात व नाव, आकारमान, दिनांक हे तीनही रकाने व्यवस्थित बसतात. परंतु १३६६ बिंदू रुंदीच्या लहान पडद्यावर प्रत्येकाच्या वाट्यास ६८३ बिंदूच येतात आणि लांब मराठी नावे अर्ध्यावर तुटतात. तुटलेल्या नावांच्या दोन फायली एकसारख्या दिसून घोटाळा होण्याचा संभव असतो. अशा वेळी पटले शेजारीशेजारी न ठेवता एकाखाली एक ठेवण्याचा पर्याय घ्यावा. टोटल कमांडर व डबल कमांडर या दोहोंत तो आहे. तसेच फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे अंक सुरुवातीलाच घालण्याची सवय ठेवावी. त्यामुळे दोन्ही पटलांतील याद्या एकाच क्रमाने लागतात आणि नाव तुटले तरी महत्त्वाचा भाग दिसत राहतो.

नवी आज्ञावली नसल्यास

प्रत्येक कार्यालयात नवी आज्ञावली बसविण्याची मुभा असतेच असे नाही. टोटल कमांडर ही आज्ञावली चाचणीसाठी काही दिवस वापरता येते, पुढे तिचा परवाना विकत घ्यावा लागतो. डबल कमांडर विनामूल्य आहे, तथापि शासकीय संगणकावर काहीही बसविण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्यांची अनुमती घेणे हेच योग्य. सी-डॅक या संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली, किंवा लिनक्सचा अन्य प्रकार जेथे असेल, तेथे असलेल्या फाईल व्यवस्थापकात एफ-३ दाबून पाहावे. डॉल्फिन, नेमो किंवा थुनारची नवी आवृत्ती असल्यास खिडकीचे दोन भाग होतील.

विंडोज असलेल्या संगणकावर काहीही न बसविता दोन पटलांचा लाभ घेता येतो. विंडोज व ई या कळा एकत्र दाबून एक्सप्लोररची खिडकी उघडावी. मग विंडोज व डावा बाण दाबावा. ती खिडकी पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात बसेल. पुन्हा त्याच रीतीने दुसरी खिडकी उघडून ती उजव्या बाणाने उजवीकडे बसवावी. २००९ च्या विंडोज ७ पासून ही सोय उपलब्ध आहे. हिच्यात तुलनेची आज्ञा व तळाच्या कळांचा संकेत नाही, परंतु मूळ ठिकाण आणि नवे ठिकाण एकाच वेळी दिसतात, हा मुख्य लाभ मिळतो.

शाळांतून काय शिकवावे?

संगणक शिकविताना विद्यार्थ्यांस बहुधा लेखन, तक्ते व चित्रे यांचे पाठ दिले जातात. फायली कोठे ठेवाव्यात हा विषय मात्र ओझरता उरकला जातो. परिणामी अनेक मुलांना आपली फाईल संगणकात कोठे आहे हे सांगता येत नाही, कारण मोबाइल फोन ती जागा दाखवीतच नाही. शिक्षकांनी एक साधा पाठ घ्यावा. दोन फोल्डर समोरासमोर उघडून एकातील दहा फायलींची दुसऱ्यात नक्कल करावयास सांगावी, मग त्यातील एक फाईल मुद्दाम बदलावी, आणि कोणती बदलली ते मुलांना शोधावयास लावावे. नक्कल, स्थलांतर आणि मूळ प्रत या संकल्पना अशा एका तासात जितक्या स्पष्ट होतील, तितक्या व्याख्या पाठ करून होणार नाहीत.

सारांश

एक पटल की दोन, हा वाद आवडीवर सोडून देण्यासारखा नाही, आणि एकाचा सर्वस्वी त्याग करून दुसऱ्याचा स्वीकार करावा असाही नाही. फाईल शोधावयाची असेल, वाचावयाची असेल, चित्र पाहावयाचे असेल, तर एक पटल पुरे. तेथे दुसरे पटल केवळ जागा अडविते. परंतु अभिलेख एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जावयाचा असेल, त्याची प्रत ठेवावयाची असेल, दोन प्रती जुळवून पाहावयाच्या असतील, तर दोन्ही ठिकाणे डोळ्यांसमोर असल्याखेरीज हात चालवू नये.

गावातील कोणा शेतकऱ्याचा जुना अर्ज, कोणा विद्यार्थिनीचे गुणपत्रक, कोणा वृद्धाच्या निवृत्तिवेतनाची नोंद, यांपैकी प्रत्येक संगणकात एक लहानशी फाईल म्हणूनच असते. तिच्यावर ज्याचा हक्क अवलंबून आहे तो मनुष्य पडद्यासमोर नसतो. म्हणून जो पडद्यासमोर आहे, त्याने नक्कल केल्यावर दोन्ही बाजूंचे आकडे ताडून पाहण्यासाठी अर्धा मिनिट खर्च करावा. दप्तर राखण्याचे कर्तव्य याहून वेगळे काही नाही.